डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी, काळा आजार आणि कातडीवर मागे राहिलेले डाग

जुनी_वही

माझी भाची लॅब टेक्निशियनचा कोर्स करतेय. परवा घोकंपट्टी चालली होती, "लेशमॅनिया डोनोव्हानी, काळा आजार, वाळूमाशी". मी विचारलं, यातला लेशमन कोण आणि डोनोव्हन कोण? दोघंही तिला आले. मग विचारलं, औषध कोणी शोधलं? "ते सिलॅबसला नाहीये, मावशी."

म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. ग्रंथालयात नोकरी झाली, वाचनाचं व्यसन आहे, एवढंच. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी आजाराबद्दल. महिनोन्महिने ताप येतो, कधी दिवसातून दोनदा चढतो. माणूस वाळत जातो, हातापायांच्या काड्या होतात आणि पोट मात्र फुगतं, कारण प्लीहा (आपल्या आजीच्या भाषेत पाणथरी) वाढत वाढत बेंबीपर्यंत येते. रक्त कमी होतं, कातडी काळवंडते. उपचार झाले नाहीत तर शंभरातले पंचाण्णवहून जास्त दगावतात. १८२४-२५ मध्ये जेसोरला साथ आली होती. पुढे बंगालात 'बर्दवान ताप' म्हणून जो गाजला त्यातही हाच असणार असं मानतात. १८८० च्या दशकात तो गारो टेकड्यांतून आसामात शिरला आणि ब्रह्मपुत्रेच्या काठाकाठाने वर सरकला. गावंच्या गावं ओस पडली. गारो लोक याला 'सरकारी बेमारी' म्हणत. सरकार आलं आणि पाठोपाठ हा आला, असा त्यांचा साधा हिशोब होता.

मोठमोठे लोक चुकले. जाइल्स नावाच्या डॉक्टरला १८८९ मध्ये वाटलं, हा आतड्यातल्या अंकुशकृमींचा प्रताप. लिओनार्ड रॉजर्सला १८९६ मध्ये वाटलं, हा बिघडलेला मलेरिया. क्विनाइन द्यायचे, उपयोग शून्य. शेवटी १९०० मध्ये डमडमहून परतलेला एक सैनिक इंग्लंडात नेटलीच्या लष्करी रुग्णालयात वारला. त्याच्या प्लीहेत लेशमन या लष्करी डॉक्टरला बारीक बारीक अंडाकृती कण दिसले. त्याने ते छापलं १९०३ च्या मे महिन्यात. दोन महिन्यांत मद्रासहून डॉ. डोनोव्हनने तेच कण आपल्यालाही दिसल्याचं कळवलं. ते कण म्हणजे आजाराचा परजीवी. मग मलेरियावाल्या रोनाल्ड रॉसने त्याला दोघांची नावं जोडून टाकली. भाचीचा प्रश्न इथे संपतो, माझा सुरू होतो.

शत्रू सापडला, पण मारायचा कसा? १९१५ च्या सुमारास सिसिलीत आणि मग भारतात टार्टार एमेटिक वापरायला लागले. हे अँटिमनीचं संयुग. नावातच 'वांती' आहे. शिरेत टोचायचं, आठवड्यातून दोनतीनदा, दोनतीन महिने. खोकल्याची उबळ, उलट्या, हृदयावर परिणाम. सुई जरा शिरेबाहेर गेली तर तिथलं मांस सडायचं. रुग्ण अर्ध्यातून पळून जायचे आणि त्यांना दोष देता येत नाही.

आता आपले डॉ. ब्रह्मचारी. वडील जमालपूरला रेल्वेचे डॉक्टर. हे आधी रसायनशास्त्राचे एम.ए., १८९४, प्रेसिडेन्सी कॉलेज, आणि वैद्यक त्यानंतर. १९०५ पासून कलकत्त्याला शियालद्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये शिकवायचे आणि रुग्ण तपासायचे. (आज ते नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज.) तिथल्या एका खोलीत त्यांनी प्रयोग मांडले. गॅसची जोडणी नाही, पाण्याचा नळ नाही. रात्री रॉकेलचा जुना दिवा. १९१९ च्या अखेरीस इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचं अनुदान मिळालं आणि १९२० मध्ये यूरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचंच नवं औषध तयार झालं. पुढे त्यांनीच लिहिलंय की दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाच्या सुमारास निकाल मनासारखा लागल्याचं दिसलं, आणि आपल्या हाती काय आलंय याची तेव्हा कल्पना नव्हती. ती खोली त्यांना तीर्थक्षेत्रासारखी वाटायची.

१९२२ मध्ये पहिल्या काही रुग्णांचे निकाल छापून आले. महिन्यांचं काम आठवड्यांवर आलं. आसामात हजारोंना टोचलं गेलं.

त्याच १९२२ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. मला ती औषधाइतकीच मोठी वाटते. पण कुकरच्या शिट्ट्या झाल्या, ती नंतर लिहिते.

---

शेवंती_

वाचतेय. कुकर बंद करून लगेच या.

---

शंकासूर

लेख बरा आहे. पण आता 'इंग्रजांनी नोबेल मिळू दिलं नाही' हे रडगाणं कधी येणार? म्हणजे तयारी करून बसतो.

---

जुनी_वही

येणार नाही, निश्चिंत बसा. त्यांचं नाव नोबेलसाठी १९२९ मध्ये सुचवलं गेलं, परत १९४२ मध्ये. १९२९ चं वैद्यकाचं नोबेल आइकमन आणि हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल गेलं, ते काही कुणाच्या मेहेरबानीने नाही. आणि १९४० ते ४२ महायुद्धामुळे वैद्यकाचं नोबेल कुणालाच दिलं नाही. बाकी १९३४ मध्ये त्यांना 'सर' केलं आणि १९३६ मध्ये इंदूरच्या सायन्स काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. उपेक्षेने खंगून गेले अशातला भाग नाही. माझी तक्रार फक्त भाचीच्या सिलॅबसबद्दल आहे.

---

शंकासूर

मग ठीक. पुढे बोला.

---

रसायनी

धागा माझ्या गल्लीतून चाललाय, म्हणून थोडं रसायन.

आवर्तसारणीत आर्सेनिकच्या बरोब्बर खाली अँटिमनी बसतो. दोघे सख्खे भाऊ म्हणा. एर्लिखने आर्सेनिकला कार्बनी सांगाडा जोडून १९१० मध्ये सिफिलिसवर साल्व्हरसान बाजारात आणलं होतं. त्याच्याही आधी 'अ‍ॅटॉक्सिल' हे आर्सेनिकचं संयुग निद्रारोगावर वापरलं जायचं, पण लोक आंधळे व्हायचे. तर विचार असा, की आर्सेनिकच्या जागी अँटिमनी बसवून तसाच रेणू केला तर? ब्रह्मचारी दवाखान्यात येण्याआधी रसायनाचे एम.ए. होते, हे इथे कामाला आलं. नुसता डॉक्टर असता तर टार्टार एमेटिकचा डोस वरखाली करत बसला असता.

टार्टार एमेटिकमधला अँटिमनी त्रिसंयुजी (तीन बंध जोडणारा), यूरिया स्टिबामाइनमधला पंचसंयुजी (पाच जोडणारा). पंचसंयुजी रूप शरीराला बरंच सोसतं. गंमत अशी की परजीवीला मारतं ते त्रिसंयुजी रूपच. पेशीच्या आत गेल्यावर पाचाचं तीन होतं. म्हणजे विष झाकून न्यायचं आणि योग्य घरात गेल्यावर झाकण काढायचं. ब्रह्मचारींना ही यंत्रणा माहीत असणं शक्य नव्हतं, ती पुष्कळ नंतर उलगडली.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. यूरिया स्टिबामाइन हा एक नेमका, स्वच्छ रेणू आहे का, यावर पुढे बराच वाद झाला. तो मिश्रणासारखाच निघाला. त्याने औषधाचं मोल कमी होत नाही, पण 'शुद्ध रसायनाचा चमत्कार' वगैरे लिहिताना हात जरा आखडावा.

अवांतर: डोळ्यांत घालायचा पारंपरिक सुरमा म्हणजे अँटिमनी सल्फाइड. लॅटिनमधलं 'स्टिबियम' हे त्या काजळाचंच नाव. स्टिबामाइनमधला 'स्टिब' तिथून आला.

---

केळफूल

रसायनीदादा, 'झाकण' आवडलं. पण त्रिसंयुजी तिथे नेमकं पेशीच्या आतच का होतं? बाहेर रक्तात का नाही?

---

रसायनी

थोडं बाहेरही होतं, म्हणून तर त्रास पूर्ण जात नाही. पण हा परजीवी राहतो कुठे ते बघा. आपल्या शरीरातल्या ज्या पेशी जंतू गिळून पचवतात, त्या मॅक्रोफेजच्याच पोटात. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड केलंय. तिथलं वातावरण आम्लधर्मी आणि अँटिमनीचं रूप पालटायला पोषक असतं. परजीवीची स्वतःची रसायनंही हे काम करतात.

---

अण्णा_लॅबवाले

पस्तीस वर्षं रक्त तपासलंय, म्हणून दोन शब्द.

आम्ही शिकलो तेव्हा काळ्या आजाराची एक चाचणी होती, नेपियरची अल्डिहाइड टेस्ट. रुग्णाच्या रक्तातला पिवळसर सीरम परीक्षानळीत एक मिलीलीटर घ्यायचा, त्यात फॉर्मालिनचा एक थेंब. हलवायचं आणि ठेवून द्यायचं. काळा आजार मुरलेला असेल तर बघता बघता सगळं घट्ट होऊन उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसायला लागतं. नळी उलटी केली तरी पडत नाही. एवढी स्वस्त आणि नाट्यमय तपासणी मी दुसरी पाहिली नाही.

आता तुमच्या ब्रह्मचारी साहेबांची चाचणी त्याहून साधी. सीरममध्ये फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालायचं. ग्लोब्युलिन नावाची प्रथिनं इतकी वाढलेली असतात की पाण्याने पातळ झाल्याबरोबर गढूळ साका उतरतो. ज्या माणसाकडे नळ नव्हता त्याने पाण्यावर चाचणी बसवली!

दोन्हींत खोट एकच. आजार तीनेक महिने मुरल्याशिवाय नीट उमटत नाही, आणि इतर काही आजारांतही ग्लोब्युलिन वाढतं. खात्री हवी तर प्लीहेत सुई घालून थेंबभर काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते 'कण' शोधायचे. प्लीहा म्हणजे रक्ताची पिशवी. आतून रक्तस्राव झाला तर रुग्ण टेबलावरच जायचा. आता आर-के-३९ ची पट्टी आहे, बोटाचं रक्त, दहा मिनिटं, गर्भचाचणीसारख्या दोन रेघा. पण ती बरा झालेल्यातही कित्येक वर्षं दोन रेघा दाखवते, त्यामुळे आजार उलटलाय का हे तिला विचारून उपयोग नाही.

---

शेवंती_

अण्णा, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. भाचीला दाखवा, जुनीवहीताई.

---

सह्याद्रीचा_वारा

मला एक कळत नाही. औषध १९२० चं. मग आजार पसरवणारी वाळूमाशी कधी सापडली? मूळ लेखात भाचीच्या घोकंपट्टीनंतर माशीचं नावच नाही.

---

जुनी_वही

(स्वयंपाक, जेवण, मालिका, सगळं उरकून आले.)

माशीची गोष्ट म्हणजे वेगळी कादंबरी आहे. १९०४ मध्ये रॉजर्सने रुग्णाच्या प्लीहेतलं रक्त थंड जागी ठेवून बघितलं तर त्या गोलसर कणांना शेपट्या फुटल्या आणि ते पोहायला लागले. म्हणजे थंड रक्ताच्या कुठल्या तरी किड्यात याचं दुसरं आयुष्य असणार. संशय आला ढेकणावर. गरिबाच्या खाटेत ढेकूण, आजारही गरिबाच्या घरात, दिसायला जुळत होतं. मद्रासला पॅटन वर्षानुवर्षं ढेकणांची पोटं फाडत बसला.

१९२४ मध्ये सिंटनने नकाशे जुळवले आणि म्हणाला, जिथे काळा आजार तिथे ही फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस नावाची बारकी माशी. त्याच सुमारास नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी कलकत्त्यात माशीला रुग्णाचं रक्त पाजलं आणि तिच्या पोटात शेपटीवाले जीव वाढताना पाहिले. संपलं का? छे! तीच माशी निरोगी माणसाला चावली तरी आजार काही लागेना. एक वर्ष नाही, दोन नाही, पंधराच्या वर वर्षं. माशी बिचारी एकदा रक्त पिऊन अंडी घालायची आणि मरून जायची.

सुटका कशाने झाली सांगू? मनुक्यांनी. रक्त प्यायल्यानंतर माशीला परत रक्त न देता मनुके चोखायला दिले तर ती जगते, आणि साखरेवर ते जीव इतके माजतात की तिचा घसा तुंबतो. पुढच्या वेळी चावताना तो बोळा माणसाच्या कातडीत जातो. हे १९४० च्या सुमारास स्मिथ आणि मंडळींना कळलं. त्यावर स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात स्वयंसेवकांना अशा माशा चाववल्या आणि आजार खरोखर लागला. छापलं १९४२ मध्ये. निसर्गात माशी झाडाफळांचा रस पितेच. प्रयोगशाळेत तिला आपण उपाशी ठेवत होतो.

म्हणजे औषध आधी, आणि आजार येतो कुठून हे बावीस वर्षांनी.

---

सह्याद्रीचा_वारा

मनुके! याच्यासाठी धागा उघडल्याचं सार्थक झालं.

---

शंकासूर

बरं, इतकं छान औषध होतं तर आज कुणी वापरताना दिसत नाही ते का?

---

डॉ_अबोली

मी यावर लिहू शकते. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं उत्तर बिहारात एका प्रकल्पावर होते.

थोडक्यात: १९५० च्या दशकात मलेरियासाठी घराघरांत डीडीटी फवारलं, त्यात वाळूमाशीही गेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, १९७० च्या दशकात बिहारात तो परत उसळला. तोवर यूरिया स्टिबामाइनची जागा सोडियम स्टिबोग्लुकोनेटने घेतली होती. तेही पंचसंयुजी अँटिमनीच, त्याच घराण्यातलं. आणि मग परजीवी त्याला दाद देईना. नव्वदीच्या दशकात उत्तर बिहारच्या काही भागांत निम्म्याहून अधिक रुग्णांना ते लागू पडत नव्हतं. गंमत बघा, शेजारच्या पूर्व उत्तर प्रदेशात तेच औषध बऱ्यापैकी चालत होतं.

कारणं? अर्धे डोस, मध्येच सोडलेले कोर्स, पदवी नसलेल्यांनी दिलेली इंजेक्शनं. भूजलातल्या आर्सेनिकमुळे परजीवीला सवय झाली असंही एक मत आहे. (रसायनींचे सख्खे भाऊ!) ते पूर्ण सिद्ध झालेलं नाही.

मग अँफोटेरिसिन आलं, एक दिवसाआड अशा पंधरा सलाइन. प्रत्येक वेळी थंडी वाजून ताप. २००२ मध्ये मिल्टेफोसिन, पोटात घ्यायचं पहिलं औषध, मुळात कॅन्सरसाठी बनवलेलं. गर्भवतीला चालत नाही. आणि २०१० मध्ये बनारसच्या डॉ. श्याम सुंदर यांच्या गटाने दाखवलं की चरबीच्या बारीक गोळ्यांत गुंडाळलेलं अँफोटेरिसिन, किलोला दहा मिलिग्रॅम, एकदाच दिलं तरी ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. सकाळी सलाइन लावायचं, दुसऱ्या दिवशी घरी. फक्त ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि फ्रिजला वीज लागते. कंदिलावर तेवढं भागत नाही.

---

केळफूल

मग आता संपला का काळा आजार?

---

डॉ_अबोली

पुष्कळ कमी झालाय. भारतात उद्दिष्ट असं की प्रत्येक ब्लॉकमध्ये (आपल्या तालुक्यासारखा) वर्षाला दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. बांगलादेशने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रमाणित केलं, असा तो जगातला पहिला देश. पण 'संपला' म्हणायला माझी जीभ धजत नाही. जुनीवहीताई १९२२ ची जी दुसरी गोष्ट सांगणार होत्या ती बहुधा तीच असावी.

---

जुनी_वही

तीच.

अँटिमनी टोचून बरे झालेले रुग्ण काही काळाने ब्रह्मचारींकडे परत यायचे. ताप नाही, प्लीहा जागेवर, खातपीत आहेत. पण अंगावर फिकट चट्टे, चेहऱ्यावर बारीक गाठी. त्यांनी ती कातडी तपासली आणि त्यात लेशमनचे तेच कण सापडले. आतून हाकललेला परजीवी कातडीत जाऊन बसला होता. त्यांनी त्याला 'डर्मल लेशमॅनॉइड' म्हटलं आणि १९२२ मध्ये छापून टाकलं. आपल्या औषधाचा डंका वाजायला नुकती सुरुवात झालीय आणि हा माणूस स्वतःच सांगतोय, की बरे झालेले सगळेच पूर्ण मोकळे झालेले नाहीत. मला कंदिलापेक्षा हे मोठं वाटतं. आज त्याला पी.के.डी.एल. (पोस्ट काला-आजार डर्मल लेशमॅनियासिस) म्हणतात. भाचीने सांगितलं, हे मात्र सिलॅबसला आहे, दोन मार्कांना. नाव कुणाचं नाही.

---

अण्णा_लॅबवाले

ताई, पटलं. आम्ही स्लाइडवर 'एल.डी. बॉडीज' (म्हणजे लेशमन-डोनोव्हनचे ते कण) शोधायचो, पण कातडीतल्या कणांची पहिली नोंद यांची हे माहीत नव्हतं.

---

शंकासूर

पण डाग राहिले तर राहिले. माणूस धडधाकट आहे ना? एवढा बाऊ कशाला?

---

डॉ_अबोली

माणूस धडधाकट असतो तीच तर अडचण.

भारतात काळा आजार झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांना हे डाग उठतात, बहुधा दोनतीन वर्षांनी. सुदानमध्ये निम्म्याहून जास्त जणांना आणि काही महिन्यांतच. दुखत नाही, खाजत नाही. पण वाळूमाशी अशा डागावर बसून चावली तर तिला परजीवी मिळतो. बांगलादेशात पिंजऱ्यात वाढवलेल्या माशा रुग्णांना चाववून हे दाखवलंय. आपल्याकडचा हा परजीवी माणसातच राहतो, कुत्र्यामांजरात नाही. दोन साथींच्या मधल्या शांत वर्षांत तो जातो कुठे, याचं एक उत्तर या डागांत आहे.

एक प्रसंग सांगते, चूक माझीच होती. वीटभट्टीवर काम करणारा एक मुलगा आला, तेवीस-चोवीस वर्षांचा. तोंडावर, दंडावर फिकट ठिपके. घरच्यांना कुष्ठरोगाची भीती, लग्न अडलं होतं. मीही घाईत तेच लिहिलं आणि त्याला कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने काही फरक नाही. मग एका वयस्क आरोग्यसेविकेने त्याला समोर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात डागावरून फिरवली. "कुठे लागतंय?" त्याने प्रत्येक वेळी अचूक बोट ठेवलं. कुष्ठरोगाच्या डागात संवेदना जाते, याची शाबूत होती. तिने विचारलं, लहानपणी लांबलचक ताप आला होता का? नववीत आला होता. शाळा तिथेच सुटली.

---

शेवंती_

बाप रे. मग?

---

डॉ_अबोली

मग मिल्टेफोसिन, बारा आठवडे. काळ्या आजाराला चार आठवडे पुरतात, डागांना बारा. रोज मळमळ. भट्टीवर उन्हात उभं राहून मळमळ सोसायची, तीही अशा आजारासाठी ज्यात काहीच दुखत नाही.

---

केळफूल

पूर्ण केले का त्याने?

---

डॉ_अबोली

सातव्या आठवड्यापर्यंत आला. डाग पुसट व्हायला लागले होते, तोंडावरचे तर लांबून दिसायचेही नाहीत. आठव्या आठवड्याची पाकिटं तशीच राहिली. आरोग्यसेविका घरी जाऊन आली. आई म्हणाली, लग्न ठरलं, आता तो बरा आहे.